गुन्हे-अन्वेषणाचे सिम्युलेशन गेम अभ्यासासाठी कसे खेळावेत

न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक सायन्स) शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला गुन्हे-अन्वेषणाच्या गेममधून खरोखर काही मिळते का, असा प्रश्न पालक आणि शिक्षक विचारतात. मिळते, परंतु गेम निवडताना त्यातील रक्त आणि सूक्ष्मदर्शक किती हुबेहूब दिसतात यापेक्षा तो गेम खेळाडूला चुकू देतो का आणि शंका शिल्लक ठेवू देतो का, हे पाहावे.

दोन उदाहरणे घेऊ. २०११ साली आलेल्या ‘एल. ए. न्वार’मध्ये १९४७ च्या सुमाराचे लॉस एंजेलिस शहर बारकाईने उभे केले आहे. मात्र घटनास्थळी वस्तूजवळ जाताच सूचक ध्वनी वाजतो आणि सगळे पुरावे सापडले की पार्श्वसंगीत थांबते. शोध केव्हा थांबवायचा, हा तपासातला बहुधा सर्वांत कठीण निर्णय अशा रीतीने गेमच घेऊन टाकतो. याउलट २०१८ च्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये मृत्यूचा क्षण दाखवणारे जादूचे घड्याळ आहे, म्हणजे वास्तवाशी त्याचा काही संबंध नाही. तरीही जहाजावरच्या साठ जणांची ओळख आणि त्यांचे काय झाले हे पोशाख, बोली, झोपण्याच्या झोळीचा क्रमांक अशा खुणांवरून ठरवावे लागते, आणि तीन नोंदी बरोबर जुळल्याखेरीज गेम सहसा दुजोरा देत नाही. त्यामुळे अंदाजाने ठोकून देणे अवघड होते. तर्काची शिस्त शिकायची असेल तर मी ‘ओब्रा डिन’च सुचवेन.

‘एल. ए. न्वार’च खेळायचा असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन सूचक ध्वनी, संगीत आणि कंट्रोलरची थरथर आधी बंद करावी. चेहऱ्यावरून खोटे ओळखण्याचा त्यातला भाग मनोरंजन म्हणूनच घ्यावा, कारण अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करणाऱ्या २००६ च्या एका अभ्यासात माणसे खरे-खोटे सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ओळखतात असे आढळले, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडेसेच बरे.

खेळताना शेजारी वही ठेवावी आणि पानावर तीन रकाने आखावेत: काय दिसले, त्यावरून काय वाटते, आणि दुसरे कोणते स्पष्टीकरण संभवते. तिसरा रकाना भरताना खरा अभ्यास होतो. समजा, गेममध्ये ल्युमिनॉल (रक्ताच्या संपर्कात चमकणारे रसायन) फवारल्यावर फरशी निळी चमकली आणि पडद्यावर ‘रक्त’ असे उमटले. प्रत्यक्षात ल्युमिनॉल ब्लीचला, तांब्याच्या संयुगांना आणि काही वनस्पतींतील विकरांनाही (एन्झाइम) प्रतिसाद देते. ती केवळ प्राथमिक चाचणी असून रक्त असल्याची खात्री पुढच्या चाचण्यांनी करावी लागते. तेव्हा दुसऱ्या रकान्यात ‘रक्त असू शकते’ आणि तिसऱ्यात ‘फरशी ब्लीचने पुसली असेल’ असे लिहावे.

बोटांच्या ठशांबाबत गेम याहून जास्त दिशाभूल करतात. संगणक फिरतो, ‘जुळले’ अशी पाटी येते आणि आरोपी सापडतो. खरी संगणकीय प्रणाली साम्य असलेल्या ठशांची यादी देते. निर्णय तज्ज्ञ माणूस घेतो आणि तोही चुकू शकतो. २००४ च्या माद्रिद बाँबस्फोटांनंतर अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने एका पिशवीवरचा ठसा ओरेगॉनमधील एका वकिलाचा असल्याचे ठामपणे सांगितले आणि त्यांना सुमारे दोन आठवडे अटकेत ठेवले. पुढे स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच व्यक्तीचा असल्याचे दाखवले. गेममध्ये ठसा जुळला की हे प्रकरण आठवावे आणि ‘किती वैशिष्ट्ये जुळली, दुसऱ्या तज्ज्ञाने स्वतंत्रपणे तपासले का’ असे प्रश्न वहीत नोंदवावेत. मृत्यूची वेळ मिनिटांत सांगणाऱ्या गेमलाही हाच न्याय लावावा. मरणोत्तर ताठरता येण्यास बारा तास, टिकण्यास बारा आणि ओसरण्यास बारा, हा वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवला जाणारा ठोकताळा उष्ण हवेत बिघडतो. विदर्भातल्या मे महिन्यात तर ताठरता फार लवकर ओसरते.

त्यानंतर गेम जे वगळतो ते स्वतः भरून काढावे. पुरावा ‘बॅगेत’ टाकला की गेमचे काम संपते, तर खऱ्या तपासात तिथून मुद्देमालाचा प्रवास सुरू होतो. म्हणून प्रत्येक घटनास्थळानंतर एक पानाचा सराव पंचनामा लिहावा: ठिकाण, वेळ, दोन पंच, वस्तूचे वर्णन, ती कुठे आणि कोणत्या स्थितीत मिळाली, सीलबंद कशी केली, पुढे कोणाच्या ताब्यात दिली. रक्ताने भिजलेले कापड सावलीत वाळवून कागदात गुंडाळतात, कारण प्लास्टिकमध्ये ओल अडकते आणि डीएनए खराब होतो. गेममधली पारदर्शक पिशवी अशा ठिकाणी चूक म्हणून नोंदवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण करणे अपेक्षित असल्याने, आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हा सराव विशेष उपयोगी आहे. (ही व्यवस्था उभी करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे.)

या पद्धतीला जुना आधारही आहे. अमेरिकेतील फ्रान्सिस ग्लेसनर ली या महिलेने १९४० च्या दशकात पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी एकास बारा प्रमाणात मृत्यूच्या घटनास्थळांच्या छोट्या प्रतिकृती बनवल्या. बाल्टिमोर येथे त्या पुढेही प्रशिक्षणात वापरल्या गेल्या. उत्तर शोधण्यापेक्षा पद्धतशीर निरीक्षण करण्यावर त्यांचा भर होता.

वयाचे भान ठेवावे. वरील पहिला गेम युरोपीय मानांकनानुसार अठरा वर्षांवरील खेळाडूंसाठी आहे आणि दुसऱ्यातही मृत्यूची दृश्ये आहेत, म्हणून शाळेच्या वर्गात हे दोन्ही गेम नकोत. तिथे शिक्षकांनी वर्गाच्या कोपऱ्यात पावलांचे ठसे, कप आणि धागा ठेवून स्वतः घटनास्थळ मांडावे.

महाविद्यालयीन गटात शेवटी एकाने तपास अधिकारी आणि दुसऱ्याने बचाव पक्षाचा वकील व्हावे. वकिलाने गेम न पाहता केवळ वही आणि पंचनामा वाचून उलटतपासणी घ्यावी, आणि ज्या विधानाला वहीत आधार सापडणार नाही ते लाल शाईने खोडावे.