वजनाच्या ऑपरेशननंतर व्हिडिओ कॉलवर काउन्सेलिंग घ्यायचं असेल तर

माझं स्लीव्हचं ऑपरेशन (वजन उतरवायला जठराचा मोठा भाग काढून टाकतात ते) पुण्यात झालं, घर साताऱ्यात. मनातलं बोलायला दर वेळी खंबाटकी ओलांडून कोण जाणार, म्हणून सायकॉलॉजिस्टची सेशन कॉलवरच घेतली.

काउन्सेलिंगचा माणूस ऑपरेशनच्या आधीच ठरवून ठेवा. तेव्हा मानसिक तपासणी करतात, तिथंच विचारून घ्या नंतर ऑनलाइन बघाल का, फी किती, असले पेशंट आधी बघितलेत का. नंतर बघू म्हटलं की राहतंच, कारण सुरुवातीला वजन भराभर उतरतं, सगळे कौतुक करतात, आपल्याला वाटतं मला काय धाड भरलीय. माझी खरी पंचाईत चौथ्या महिन्यात झाली, केस गळायला लागले, काटा हलेना, आणि पूर्वी टेन्शन आलं की कंदी पेढ्यांचा बॉक्स उघडायची ती सोयच गेली होती.

जागेचं आधी बघा. आमच्यात आत्या दाराआडून ऐकायच्या, शेवटी मी अंगणात उभ्या गाडीत बसून काचा वर करून बोलायचे. रेंज गेली तर साधा फोन कोण कुणाला लावणार तेही ठरवून ठेवा.

वहीत कॅलऱ्या नको, भूक नसताना कधी खाल्लं आणि त्याच्या आधी काय झालं होतं एवढंच लिहा. आणि खोटं बोलू नका, मी दोन सेशन सगळं छान चाललंय म्हणून काढली, स्क्रीनवर नुसता चेहरा दिसतो त्यामुळं फार सोपं जातं ते, पैसे मात्र आपलेच जातात.

डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर सर्जन आणि सायकिअ‍ॅट्रिस्ट दोघांनाही सांगा, पोटाच्या बायपासनंतर (हार्टचं नव्हे, वजनाचंच दुसरं ऑपरेशन) औषधं अंगात शोषली जाण्यात फरक पडू शकतो. मनानं बंद करू नका. दारूही पूर्वीपेक्षा लवकर चढते आणि सवय लागायचा धोका वाढतो, घरातल्या पुरुषमाणसाचं ऑपरेशन असेल तर हा विषय सेशनमध्ये मुद्दाम काढाच. उलट्या, ताप, पोटात कळ असेल तर काउन्सेलर नाही, सरळ हॉस्पिटल. रात्री-अपरात्री जीव नकोसा वाटला तर सेशनची वाट बघू नका, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फुकट आहे, २४ तास चालू, मराठीत बोलता येतं.

मला सगळ्यात उपयोग झाला तो पंगतीच्या प्रॅक्टिसचा. मॅडम फोनवर मावशी व्हायच्या, "अगं एक जिलबी तर घे", आणि मी नाही म्हणायचं, कारण न सांगता. तीनदा हसले, चौथ्यांदा रडले, आणि मेमध्ये कोरेगावच्या लग्नात वाढप्याला नुसता हात आडवा केला.