संगमरवराचा दाणा कसा वाचावा

पॉलिश केलेल्या लादीवरून संगमरवर कळत नाही. मी मूर्तीसाठी ठोकळा निवडताना आधी कोपऱ्याची ताजी कपची फोडून घेतो. नवीन शिकायला आलेल्यालाही पहिलं काम तेच देतो: कपची उन्हात धर आणि सावकाश फिरव.

फिरवताना एक ठिपका आरशासारखा लखकन चमकतो, विझतो, मग शेजारचा चमकतो. असा प्रत्येक ठिपका म्हणजे कॅल्साइटचा, संगमरवर ज्या खनिजाचा बनतो त्याचा, एक स्फटिक. कॅल्साइट तीन दिशांना सपाट फुटतं, त्या सपाट अंगावरून ऊन परततं. आता दहापट भिंग लावा. दाणे एकमेकांत घट्ट रुतलेले दिसतील. जमिनीखाली उष्णतेनं आणि दाबानं चुनखडीचे स्फटिक नव्यानं वाढतात तेव्हा हा पोत तयार होतो, आणि शिंपल्यांच्या खुणा त्यात बहुधा पुसल्या जातात. शंख स्पष्ट दिसला तर विकणारा काहीही म्हणो, ती चुनखडीच.

दाणा बारीक असेल तर पापणीची कड टिकते. भरड दाण्यात छिन्नी लागली की अख्खा दाणा उडतो. जुन्या दगडाच्या कडेवर अंगठा घासून साखरेसारखे कण सुटले तर तो बाहेर ठेवायच्या कामाला मुळीच घेऊ नका. तापलं की कॅल्साइट एका दिशेनं पसरतं आणि तिच्या काटकोनात किंचित आकसतं. प्रत्येक दाण्याचं तोंड वेगळीकडे, त्यामुळे ते एकमेकांना ढकलत राहतात आणि सांधे सैल होतात. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या फिनलंडिया हॉलवरच्या, इटलीतल्या काराराच्या संगमरवराच्या पातळ लाद्या वाकल्या आणि 1990च्या दशकात बदलाव्या लागल्या, त्यामागे हे मोठं कारण होतं.

मग खनिजं. पोलादी खिळ्यानं ओरखडा काढा. 1 ते 10 च्या मोह्स मापावर कॅल्साइटचं काठिण्य 3, ते सहज ओरखडतं. खिळाच घासून राखाडी रेघ उमटली तर बहुधा गारगोटीचं कठीण खनिज क्वार्ट्‌झ आहे, म्हणजे तो संगमरवर नाही. पुढे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. कॅल्साइट लगेच फसफसतं, डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेलं त्याचं भावंड, जवळपास गप्प राहतं. तिथेच खरवडून भुकटीवर थेंब टाकला की तेही हळूहळू बुडबुडे सोडतं. चष्मा, हातमोजे घाला, काम मोकळ्या हवेत करा. पातळ करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

रंग भेसळीचा असतो: करडा बहुधा ग्राफाइटचा, गुलाबी-तांबडा लोहाच्या ऑक्साइडचा, हिरवा अनेकदा सर्पेंटाइनचा. मला खरी धास्ती वाटते ती अभ्रकाची. एका मूर्तीच्या मनगटातून अभ्रकाची केसाएवढी चमकदार पट्टी गेली होती. मी ती पाहिली, तरी पुढे गेलो. बोटं कोरून होत आली आणि हात नेमका त्याच रेषेत सुटला.

तेव्हापासून ठोकळा आधी पाण्यानं पूर्ण भिजवतो. ओल्या दगडात पट्ट्या उठून दिसतात. त्या कोळशानं आखतो आणि मूर्तीचे हात-मान त्या रेषांपासून दूर बसतील असा ठोकळा फिरवून घेतो.