थंडीतली पिल्लं: कोंबडीखालची आणि हॅचरीची

परसात आठ-दहा गावठी कोंबड्या असतील तर या थंडीत पिल्लं घरीच काढा. एका वेळी पन्नास-शंभर हवी असतील तर हॅचरीची, म्हणजे यंत्रात अंडी उबवणाऱ्या केंद्राची, आणा. पण दोन्हींना एकाच पद्धतीनं वाढवू नका.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणाऱ्या, कोंबडीखाली 10 ते 12 अंडी पुरे. थंडीत जास्त ठेवली की कडेची गार पडतात आणि वाया जातात. अंडी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न धुतलेली घ्या. बसवण्याआधी कोंबडीचे पंख उचलून उवा बघा. उवांनी हैराण झालेली कोंबडी अंड्यांवरून सारखी उठते. सातव्या-आठव्या रात्री अंडं टॉर्चसमोर धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, कोरं दिसलं तर काढून घ्या. 21 व्या दिवशी पिल्लं बाहेर येतील. पुढे ऊब आणि चारा शोधायची शिकवण कोंबडीच देते. आपण घार, मांजर, मुंगूस यांच्यापासून राखायचं. पहिले दोन-तीन आठवडे डालग्याखाली ठेवलीत तर बरीच पिल्लं वाचतील.

हॅचरीच्या पिल्लाला आई नाही, ती जागा तुम्हालाच घ्यायची आहे. गाडी यायच्या काही तास आधी तूस पसरून, चिक गार्ड (पिल्लांभोवतीचं गोल कुंपण) लावून उबेचे दिवे चालू करा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर साधारण 35 अंश सेल्सिअस तापमान हवं, नंतर दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवा. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा. दिव्याखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. कडेला जाऊन चोच उघडी टाकत असतील तर दिवा वर घ्या. सगळीकडे पसरून निवांत असतील तर ऊब बरोबर आहे. हे पहाटे उठून बघा, कारण गठ्ठ्यात चेंगरून पिल्लं मरतात ती त्याच वेळी. गोणपाटाचे पडदे सोडा, पण वरून हवा खेळू द्या. शेड बंद करून कोळशाची शेगडी पेटवू नका, तो धूर पिल्लांचा आणि तुमचाही जीव घेऊ शकतो.

प्रवासातून आलेल्या पिल्लांना आधी गुळाचं कोमट पाणी द्या. एकेकाची चोच त्यात बुडवली की पुढे ती आपण पितात. मग कागदावर मक्याचा भरडा, नंतर स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य.

वनराज, गिरिराज अशा सुधारित जाती वाढीला छान, पण त्यांच्या अंड्यांतून तीच प्रत पुढच्या पिढीत येत नाही. खुडूकही त्या क्वचितच बसतात. म्हणून घरच्या उबवणीसाठी गावठी कोंबडीच सांभाळा.

बाहेरून आलेली पिल्लं घरच्या कळपात लगेच सोडू नका, दोन्हीकडचे रोग एकमेकांत जातात.

घरची पिल्लं खरी मार खातात ती लसीत. हॅचरीची पिल्लं बहुधा मरेक्स या रोगाची लस घेऊन येतात, तरी घेताना विचारून घ्या. घरच्यांना काहीच मिळालेलं नसतं, आणि मानमोडी (राणीखेत रोग) आली की एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस, चौथ्यात पुन्हा लासोटा, सहाव्यानंतर देवीची लस, आठव्यानंतर आर टू बी ही मानमोडीचीच दुसरी लस. नेमक्या तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्या. लासोटाची बाटली मोठ्या संख्येसाठीच असते, आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण आणणार, म्हणून बहुतेक घरांत लस राहूनच जाते. तेव्हा वाडीतल्या चार-पाच घरांनी कोंबड्या एकाच आठवड्यात बसवा. पिल्लं एकत्र निघतील आणि बर्फाच्या डब्यातून आणलेली एक बाटली एका सकाळी सगळ्यांना पुरेल.