गणपती ते दिवाळी, आपल्याच गावात मदत करायचीय? कॉलेजवाल्यांसाठी थोडी माहिती

गणपती बसले की मदतीचे मेसेज फिरायला लागतात ते पार दिवाळीपर्यंत, कपडे द्या, फराळ द्या, अमुक आश्रमात चला. बऱ्याच मुलामुलींना मनापासून काहीतरी करायचं असतं पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही आणि खिशात पैसे पण बेताचेच असतात, म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय. मला पुणं जास्त माहितीय, पण यातलं बहुतेक नाशिक, सांगली, लातूर कुठेही जमेल.

पहिली गोष्ट, आधी फोन करा आणि मग सामान घ्या. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत वृद्धाश्रमात, बालगृहात ग्रुपच्या ग्रुप येतात, लाडू-चिवड्याचे ढीग लागतात, आणि तुळशीचं लग्न झालं की तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. साबण, खोबरेल तेल, सॅनिटरी पॅड, आजी-आजोबांचे डायपर, वह्या हे मात्र बाराही महिने लागतं. म्हणून फोनवर सरळ विचारायचं की सध्या कशाची गरज आहे, कधी आणून देऊ, आणि किती जण आलो तर तुम्हाला त्रास होणार नाही. ते म्हणाले दिवाळीत नको, डिसेंबरात या, तर डिसेंबरातच जा, माझ्या मते तीच खरी मदत. मिठाई नेणार असाल तर खव्याची नको, ती टिकत नाही.

गणपतीत हात लागतात ते विसर्जनाला. दीड, पाच, सात आणि दहा दिवसांचे गणपती असतात, त्यामुळे अनंत चतुर्दशीलाच सगळ्यांनी गर्दी करायची गरज नाही, उलट पाचव्या-सातव्या दिवशी घाटावर, हौदापाशी माणसं कमी असतात. काम सोपंय पण चिकाटीचं, हार सोडवायचे, दोरा, प्लास्टिक, जरी, अगरबत्तीचे पुडे एका बाजूला आणि फुलं-दूर्वा-पत्री दुसऱ्या बाजूला, कारण प्लास्टिक मिसळलं की त्या निर्माल्याचं चांगलं खत होत नाही. हातमोजे घाला, आणि शक्यतो कॉलेजच्या एनएसएसमार्फत (राष्ट्रीय सेवा योजना) जा म्हणजे परवानगी, पाणी, ओळखपत्र याची चिंता नको. एनएसएसला दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, तेही यात धरले जातात का ते प्रोग्राम ऑफिसरना आधी विचारून घ्या. आणि मूर्ती हौदात द्या म्हणून कोणाच्या मागे लागू नका, लोक भावनेने आलेले असतात, हात जोडून एकदा सांगायचं, नाही म्हणाले तर बाजूला व्हायचं.

सोसायटीत अजून एक करता येतं. पीओपीची मूर्ती साध्या पाण्यात विरघळत नाही, पण अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विरघळते, ही पद्धत पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे आपल्या एनसीएलने पुढे आणली आणि महापालिकेने ती पावडर वाटलीसुद्धा आहे. साधारण मूर्तीच्या वजनाइतकी पावडर लागते, मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी घ्यायचं, मधूनमधून ढवळायचं आणि दोनेक दिवस थांबायचं. वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं असतं, ते भरपूर पाणी घालून पातळ करून झाडांना खत म्हणून चालतं, खाली चुन्यासारखा गाळ राहतो. वास उग्र येतो म्हणून बादली गच्चीत किंवा गॅलरीत ठेवा. ज्या घरात फक्त आजी-आजोबा आहेत त्यांना हे एकट्याने जमत नाही, त्यांची बादली तुम्ही भरून दिलीत तर फार मोठी सोय होते.

आता रक्तदान, आणि याबद्दल मला खरंच कळकळीने सांगायचंय. दिवाळीत कॉलेजं बंद, कंपन्या बंद, लोक गावी, त्यामुळे शिबिरं होत नाहीत आणि रक्तपेढ्यांमध्ये टंचाई होते, पण थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना दिवाळीची सुट्टी नसते. रक्तातल्या प्लेटलेट्स तर काढल्यावर पाचच दिवस टिकतात, म्हणजे आधी साठवून ठेवू म्हटलं तरी जमत नाही. वय १८ पूर्ण, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त, एवढं असेल तर देता येतं. मुलांनी दोन वेळांत तीन महिन्यांचं आणि मुलींनी चार महिन्यांचं अंतर ठेवायचं. वर्षभरात टॅटू काढला असेल तर थांबावं लागतं, डॉक्टरांना खरं ते सांगा. शिबिराची वाट न बघता सुट्टीच्या आठवड्यात जवळच्या रक्तपेढीत फोन करून दोघं-तिघं जा, पोटभर नाश्ता करून जा, आणि सगळ्या ग्रुपने एकाच दिवशी देऊ नका, दिवस वाटून घ्या.

ज्यांच्याकडे पैसे अजिबात नाहीत पण अक्षर चांगलंय त्यांनी परीक्षेत लेखनिक म्हणजे रायटर व्हा. सेमिस्टरच्या परीक्षा दिवाळीच्या आगेमागेच येतात आणि अंध विद्यार्थ्यांना रायटर शोधताना अक्षरशः धावाधाव करावी लागते, कारण इतरांच्याही परीक्षा तेव्हाच असतात. रायटर साधारणपणे परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या वर्गातला लागतो, म्हणून फर्स्ट इयरवाल्यांना जास्त मागणी असते. अंध विद्यार्थ्यांना तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो, तेवढा वेळ हातात ठेवून जा. ते सांगतील तेच लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही, आणि एकदा हो म्हटलं की आयत्या वेळी टांग द्यायची नाही, कारण समोरच्याचं पूर्ण वर्ष त्यावर असतं. कॉलेजच्या ऑफिसात किंवा शहरातल्या अंधशाळेत नाव नोंदवून ठेवा.

दिवाळीची साफसफाई निघाली की कपडे निघतात. द्यायचे ते धुऊन, बटणं लावून, बायकांचे-पुरुषांचे-लहान मुलांचे वेगळे बांधून द्या, फाटकं असेल तर त्याचं फडकं करा, दुसऱ्याला देऊ नका. रद्दी, पुठ्ठे, बाटल्या कोरड्या आणि वेगळ्या करून तुमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना द्या, पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना ते भंगार विकून जे मिळतं तीही त्यांची कमाई असते. आणि लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत फटाक्यांचा जो कागद पडलेला असतो तो झाडू घेऊन तुम्हीच गोळा केलात तर सफाई कामगारांच्या पाठीवरचं केवढं तरी ओझं कमी होईल. न फुटलेले फटाके मात्र हाताने उचलू नका, आधी पाणी ओता.

कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर भागातल्यांनी साखर कारखान्याकडे बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात, उसाच्या फडाजवळ त्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या उभ्या राहतात, नेमकी तेव्हाच थंडी सुरू होते आणि मुलांची गावाकडची शाळा मागे राहिलेली असते. जवळच्या झेडपी शाळेच्या गुरुजींना भेटा, टोळीच्या मुकादमाशी बोला, मग चादरी, लहान मुलांचे स्वेटर, चपला न्या. जमलं तर संध्याकाळी तासभर मुलांना शिकवा, पण आठवड्याचे दोन दिवस ठरवा आणि ते पाळा, एकदाच जाऊन फोटो काढून येण्यात काही अर्थ नाही.

फोटोवरून आठवलं, बालगृहातल्या मुलांचे चेहरे स्टेटसला टाकू नका. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी, उद्या त्या मुलाच्या वर्गातल्यांनी तो फोटो बघितला तर त्याला कसं वाटेल.

पैसे गोळा करायचे असतील तर दोघांनी मिळून हिशोब ठेवा, संस्थेच्या खात्यावरच भरा आणि पावती ग्रुपवर टाका. घरचे मोठी रक्कम देणार असतील तर २००० च्या वर रोख नको, त्यावर देणगीची आयकर सवलत मिळत नाही. फराळ वाटायचाच असेल तर जवळच्या बचत गटाकडून घ्या, त्या बायकांचीही दिवाळी त्यावर असते, ऑर्डर मात्र नवरात्रातच द्या, नंतर त्यांना हातात घेतलेलंच पुरं करता येत नाही.