ईमेलची लिंक थंडरबर्डमध्ये उघडावी म्हणून करावयाची तयारी

संकेतस्थळावर दिलेल्या ईमेल पत्त्यावर क्लिक केल्यावर नवे पत्र समोर येण्याऐवजी जीमेलचे पान उघडते, कधीही न वापरलेला एखादा प्रोग्रॅम खाते जोडण्याचा आग्रह धरतो किंवा काहीच घडत नाही, हा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी आपण थेट ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये शोधाशोध सुरू करतो, आणि घोटाळा बहुधा तिथूनच वाढतो. ईमेलची लिंक ‘एचटीटीपी’ने सुरू न होता ‘मेलटू’ (mailto) या शब्दाने सुरू होते. ती समोर आली की हे काम एखाद्या संकेतस्थळाकडे सोपवलेले आहे का, हे ब्राउझर आधी स्वतःच्या नोंदीत पाहतो. तशी नोंद नसल्यास तो लिंक ऑपरेटिंग सिस्टीमच्या हवाली करतो, आणि ऑपरेटिंग सिस्टीम ठरवून दिलेला मेल प्रोग्रॅम उघडते. म्हणून तयारी शेवटच्या टोकापासून करावी: आधी मेल प्रोग्रॅम, मग ऑपरेटिंग सिस्टीम आणि सर्वांत शेवटी ब्राउझर.

थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये खाते जोडून झाले आहे आणि त्यातून पत्र खरोखर जाते, याची खात्री प्रथम करावी. स्वतःलाच एक पत्र पाठवून ते परत आलेले पाहणे हा त्याचा सोपा मार्ग आहे. जीमेलचे खाते जोडताना गूगलची साइन-इन खिडकी थंडरबर्डमध्येच उघडते, आणि थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये कुकीज बंद असतील तर ती प्रक्रिया पूर्ण होत नाही, त्यामुळे कुकीजना परवानगी असल्याचे आधीच पाहून ठेवावे. एकाहून अधिक खाती असतील तर त्यांपैकी डिफॉल्ट कोणते, हे खाते सेटिंग्जमध्ये ठरवावे. ही बाब लहान वाटली तरी मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण लिंकवरून उघडलेले पत्र सहसा डिफॉल्ट खात्याच्या नावानेच तयार होते आणि कार्यालयाच्या पत्त्यावरून जायला हवा असलेला अर्ज घरच्या पत्त्यावरून निघून गेल्यावर तो परत बोलावता येत नाही.

त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळावे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘ॲप्स’ आणि त्याखालील ‘डिफॉल्ट ॲप्स’ उघडून वरच्या चौकटीत ‘मेलटू’ हा शब्द रोमन लिपीत टाइप करावा आणि समोर येणाऱ्या यादीतून थंडरबर्ड निवडावा. विंडोज १० मध्ये त्याच ठिकाणी ‘ईमेल’ असा स्वतंत्र पर्याय दिसतो. विंडोजसोबत येणाऱ्या जुन्या ‘मेल’ ॲपला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला, तरी जुन्या संगणकावर निवड अजून त्याच्याच नावावर राहिलेली असू शकते. थंडरबर्ड यादीत दिसतच नसेल तर तो इन्स्टॉलर न चालवता पेन ड्राइव्हवरच्या पोर्टेबल प्रतीतून वापरला जात आहे का, ते तपासावे, कारण अशा प्रतीची नोंद सहसा विंडोजकडे झालेली नसते.

मॅकवर ही निवड ॲपलच्या स्वतःच्या मेल प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमध्ये, ‘जनरल’ या भागात करावी लागते. दुसरा प्रोग्रॅम वापरण्यासाठी आधी हा उघडावा लागतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

लिनक्सवर आपल्या वितरणाच्या (लिनक्सच्या आपण वापरत असलेल्या आवृत्तीच्या) प्रोग्रॅम-भांडारातून थंडरबर्ड घेतला असेल तर ‘डिफॉल्ट ॲप्लिकेशन्स’मध्ये ‘मेल’समोर त्याचे नाव निवडणे पुरेसे असते. मात्र मोझिलाच्या संकेतस्थळावरून संकुचित फाइल उतरवून ती स्वतः उलगडली असेल, तर त्याची डेस्कटॉप फाइल, म्हणजे सिस्टीमला प्रोग्रॅमची ओळख करून देणारी छोटी मजकूर फाइल, आपल्यालाच तयार करावी लागते. तिच्या ‘माइमटाइप’ ओळीत मेलटूचा उल्लेख असावा आणि ‘एक्झेक’ ओळीच्या शेवटी टक्क्याचे चिन्ह व त्याला जोडून रोमन ‘यू’ हे अक्षर (%u) असावे. ही दोन चिन्हे राहून गेली की थंडरबर्ड उघडतो, पण लिंकमधला पत्ता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि दोष ब्राउझरचा आहे असा गैरसमज होतो.

आता ब्राउझर. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या ‘जनरल’ भागात ‘ॲप्लिकेशन्स’ची यादी असते, तिथे ‘मेलटू’च्या ओळीत जीमेलऐवजी ज्या पर्यायापुढे ‘डिफॉल्ट’ असे लिहिलेले असेल तो निवडावा. प्रोग्रॅमची फाइल स्वतः शोधून देण्याचीही सोय आहे, पण मी ती टाळतो, कारण पुढे मेल प्रोग्रॅम बदलला तर एकाच गोष्टीसाठी दोन ठिकाणी बदल करावा लागतो. क्रोममध्ये बहुधा जुन्या परवानगीचा अडथळा असतो: कधीतरी जीमेल उघडे असताना पत्त्याच्या पट्टीतील छोट्या चिन्हावर क्लिक करून आपण ‘अलाउ’ म्हटलेले असते आणि विसरूनही गेलेले असतो. सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘ॲडिशनल परमिशन्स’ आणि ‘प्रोटोकॉल हँडलर्स’ या क्रमाने जाऊन तेथील जीमेलची नोंद काढून टाकली की क्रोम लिंक पुन्हा ऑपरेटिंग सिस्टीमकडे सोपवू लागतो. एकाच संगणकावर घरातील प्रत्येकाचे ब्राउझर प्रोफाइल वेगळे असेल तर ही दुरुस्ती प्रत्येक प्रोफाइलमध्ये स्वतंत्रपणे करावी लागते.

चाचणीसाठी पत्त्याच्या पट्टीत रोमन लिपीत ‘मेलटू’, त्यापुढे कोलन आणि मोकळी जागा न सोडता स्वतःचा पत्ता लिहून एंटर दाबावे. थंडरबर्ड बंद असताना एकदा आणि चालू असताना एकदा, अशी दोनदा चाचणी घ्यावी. ज्या लिंकमध्ये विषय आधीच भरलेला आहे आणि तो मराठीत आहे अशी एक लिंकही तपासावी. ईमेल लिंकसाठी २०१० साली ठरलेल्या प्रमाणानुसार असा मजकूर यूटीएफ-८ या अक्षरसंकेत पद्धतीत आणि प्रत्येक बाइटासाठी टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे दोन रोमन चिन्हे असा लिहायचा असतो. त्यात देवनागरीचे एकेक अक्षरचिन्ह तीन बाइटांचे, म्हणजे लिंकमध्ये नऊ रोमन चिन्हांचे होते. विषयात शब्दांमध्ये मोकळ्या जागेऐवजी अधिकची (+) चिन्हे दिसली तर ती चूक पान तयार करणाऱ्याची असते आणि आपल्या सेटिंग्जमध्ये त्यासाठी काही बदलू नये. जोडपत्राची सोय या प्रमाणात नाही, त्यामुळे अर्जाची पीडीएफ स्वतःच जोडावी लागते.

अनेक सरकारी संकेतस्थळांवर पत्ते चोरून गोळा केले जाऊ नयेत म्हणून पत्त्यातील चिन्हांच्या जागी ‘ॲट’ आणि ‘डॉट’ हे शब्द चौकटी कंसांत लिहिलेले असतात. अशा पत्त्यावर पुष्कळदा लिंकच नसते, आणि पत्ता कॉपी करून घेतला तर ते शब्द तसेच ‘प्रति’च्या रकान्यात येतात, तेथे खरी चिन्हे घातल्यावरच पत्र पाठवावे.