मुलाचं वजन वाढतंय? मग या चुका टाळा, आणि आधी घरातल्या मोठ्यांनी टाळा

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा दिसायला लागला. मला वाटलं मळ आहे, शाळेतून घामाघूम होऊन येतो आणि आंघोळ कशीतरी उरकतो, म्हणून मी रोज मान घासायला लागले, आधी साबण, मग बेसन-लिंबू, मग खरखरीत पंचा, आणि तो "आई आग होतेय गं" म्हणून रडायचा तरी मी सोडायचे नाही. पुढे तापासाठी डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी घसा बघायच्या आधी मान बघितली आणि विचारलं, याचं वजन-उंची शेवटची कधी मोजली होती? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तो मळ नसतो. वजन वाढून शरीरात इन्सुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या हार्मोनचं, प्रमाण वाढलं की मानेवर, काखेत त्वचा अशी जाड आणि काळसर होते, हात लावला तर मखमलीसारखी लागते. घासून ती जात नाही, उलट सोलवटते. तुमच्या घरात, शेजारी, वर्गात असं मूल असेल तर कृपया त्याला "नीट आंघोळ करत जा" म्हणू नका, हीच पहिली चूक.

बाळसं म्हणजे तब्येत, हा समज

आपल्याकडे गुटगुटीत मूल म्हणजे खात्या घरचं मूल. बारसं झालं की येणारा जाणारा विचारणार, बाळसं धरलं का, आणि मूल जरा बारीक दिसलं की आईला ऐकवणार, अंगाला काही लागत नाही वाटतं. या एका वाक्याच्या धसक्याने किती आया ताट घेऊन मुलाच्या मागे घरभर फिरतात ते मी रोज बघते, मीही फिरलेय.

पण यावर खूप मोठं काम आपल्या पुण्यातच झालंय. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः साधारण २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची, म्हणजे आपली बाळं लहान, हाडकुळी. पण मोजल्यावर कळलं की त्यांच्यात स्नायू कमी आहेत, चरबी मात्र तेवढी कमी नाहीये. बारीक दिसणारं पण आतून चरबी राखून असलेलं बाळ. याज्ञिकांनी स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दिला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच २२.३, पण शरीरातली चरबी त्या इंग्रजाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा एकच सांगतो आणि आतली गोष्ट दुसरीच असते.

म्हणून कमी वजनाचं जन्मलेलं मूल "भरून निघावं" म्हणून त्याला साखर-तूप-बिस्किटं कोंबणं हे आपल्या मुलांसाठी जास्तच धोक्याचं आहे. जन्माला बारीक आणि मग काही वर्षांत झपाट्याने वजन, ही गाडी मधुमेहाच्या दिशेने जाते. पोट भरलं की मूल तोंड फिरवतं, ती त्याची समज असते, आपण "एक घास चिऊचा" करून, मोबाईल लावून ती समजच मोडून टाकतो. काय वाढायचं आणि कधी वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं ते मुलाला ठरवू द्यावं. मला हे जमायला सहा महिने लागले, सासूबाईंना समजावणं त्याहून अवघड गेलं. त्यांचं म्हणणं होतं नातवाला उपाशी ठेवतेस. शेवटी मी त्यांनाच म्हटलं, आई, तुम्हीच त्याला वाढा, फक्त दुसऱ्यांदा त्याने मागितल्याशिवाय वाढू नका. त्यांनी ते पाळलं, आणि माझ्यापेक्षा नीट पाळलं.

नुसतं वजन बघणं

वाढत्या मुलाचं वजन एकटं काही सांगत नाही, उंची सोबत हवी. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आयएपीने, २०१५ मध्ये भारतीय मुलांसाठी ५ ते १८ वयाचे वाढीचे तक्ते काढलेत. मोठ्यांना बीएमआय २५ च्या पुढे गेला की जादा वजन म्हणतात ती जुनी रेष आपल्या मुलांना उशिरा पकडते, म्हणून या तक्त्यात मोठ्यांच्या २३ आणि २७ शी जुळणाऱ्या रेषा दिल्यात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आयएपीच्या तक्त्यावर टिंब काढून दाखवा. आणि घरी करायचं असेल तर साधी टेप घ्या, पाच वर्षांच्या पुढच्या मुलाची कंबर त्याच्या उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी.

"थायरॉईड असेल हो" म्हणून तिथेच अडकून बसू नका. थायरॉईड किंवा हार्मोनमुळे वजन वाढलेली मुलं फार थोडी असतात आणि ती बहुतेक वेळा उंचीला मागे पडतात. वजन जास्त आणि उंची वयाच्या मानाने चांगली असेल तर कारण बहुतेक वेळा स्वयंपाकघरात, खुर्चीत आणि झोपेच्या वेळेत सापडतं, घराण्यातूनही कल येतो हे खरं, पण कल म्हणजे नशीब नव्हे.

दुधातली पावडर, ज्यूस आणि "पौष्टिक" बिस्किटं

इथे मी सगळ्यात जास्त फसले. पावडरीशिवाय दूध पीत नाही म्हणून दोन मोठे चमचे पावडर, वर साखर, हे मी चार वर्षं दिलं. डबा उलटा करून वाचा, काही पावडरींमध्ये १०० ग्रॅममागे ३० ग्रॅमच्या वर साखर असते. चार ग्रॅम म्हणजे एक चमचा असा हिशोब धरा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाची वरून घातलेली साखर शक्यतो एकूण कॅलरीच्या ५ टक्क्यांच्या आत असावी, मोठ्या माणसाला सुद्धा ती साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे लग्नात पोराच्या हातात एक बाटली दिली की दिवसाचा कोटा संपून वर गेला. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाईन विक्रीवाल्यांना अशी पेयं "हेल्थ ड्रिंक" या नावाखाली विकू नका असं सांगितलं, कारण कायद्यात अशी वर्गवारीच नाहीये. ते शब्द वाचूनच तर आपण घेत होतो.

ज्यूसचंही तेच. आयएपी म्हणते दोन वर्षांच्या आत अजिबात नको, दोन ते पाचमध्ये फार तर १२५ मिली आणि पुढे फार तर २५० मिली, तोही ताजा, त्यापेक्षा अख्खं फळ द्या. मोसंबी सोलून हातात दिली तर मूल एक खातं, रस काढला तर तीनचा पितं आणि चोथा फेकला जातो.

एकट्या मुलाला डाएटवर टाकणं

बाबा फरसाणाचा वाडगा घेऊन टीव्हीसमोर, ताई पिझ्झा मागवतेय आणि ज्याचं वजन वाढलंय त्याला वाटीभर काकडी. हे करू नका हो. ते मूल चोरून खायला शिकतं, आमच्याकडे कपाटात मोज्यांच्या मागे रिकामे वेफर्सचे पुडे सापडले तेव्हा मला त्याचा राग नाही आला, माझंच मला वाईट वाटलं. घरात वाणसामान कोण आणतं? दहा वर्षांचं मूल तर नाही आणत. जे पुडे घरात नकोत ते यादीतूनच काढा, सगळ्यांसाठी. सणावाराला पुरणपोळी, श्रीखंड जरूर करा, त्याने वजन वाढत नाही, रोजच्या पाच रुपयांच्या पुड्यांनी वाढतं.

आणि नावं ठेवणं बंद. जाड्या, ढब्या, हत्ती, हे लाडाने म्हटलं तरी मुलाला लाड वाटत नाहीत. ज्याला सारखं चिडवतात ते मूल खेळायला खाली उतरत नाही, मग अजून बसून राहतं.

वाढत्या मुलाचं वजन बहुतेक वेळा कमी करायचं नसतं, थांबवायचं असतं, उंची वाढत जाते आणि आकडा जुळत येतो. आमच्याकडे दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा आहेत, आठ महिन्यांत उंची चार सेंटिमीटर वाढली आणि वजन ४४ वरच आहे, मानेचा पट्टा फिकट झालाय पण आहे अजून. डब्यात आता मटकीची उसळ-पोळी, थालीपीठ, घावन, मधल्या सुट्टीला शेंगदाणे-फुटाणे. वजन घटवायचे कीटो वगैरे प्रकार, जेवण चुकवणं, इन्स्टावरच्या पावडरी, हे मुलांवर करून बघू नका.

खेळ आणि झोप

५ ते १७ वयाला रोज सरासरी एक तास धावपळ हवी, दम लागेल अशी. ती होणार कुठे? सोसायटीच्या पार्किंगमध्ये "येथे खेळण्यास सक्त मनाई आहे" ची पाटी, शाळेतून आलं की ट्युशन, पीटीचा तास गणिताच्या सरांनी घेतलेला. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये आम्ही चार आयांनी संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळेत मागच्या बाजूच्या गाड्या काढायला लावल्या, भांडण झालं, पण आता तिथे लगोरी चालते. झोपेकडे तर कोणी बघतच नाही. प्राथमिक शाळेतल्या मुलाला नऊ ते बारा तास लागतात, रात्री बारापर्यंत मोबाईल आणि सकाळी सातची व्हॅन असेल तर दिवसभर भूक जास्त लागते, तीही गोडाचीच.

मग जबाबदार कोण

नोकरी करणाऱ्या आईवर सगळं ढकलणं हे मला अजिबात पटत नाही. आईइतकाच स्टेशनवरून येताना रोज खाऊ आणणारा बाप जबाबदार आहे, बसल्या जागी जेवण पोचवणारे आपण सगळे आहोत, मुलांच्या कार्टूनमध्ये जाहिराती घालणाऱ्या कंपन्या आहेत. पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं देशातलं प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.१ टक्के होतं, २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ३.४ झालं, एवढ्या घरांतल्या आया एकदम बिघडल्या असं थोडंच आहे?

नियम आहेत. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांच्या कँटीनमधून जंक फूड काढायला सांगितलं, एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या, २०२० च्या नियमात शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला मनाई आहे, २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना कशात किती साखर असते ते दाखवणारे बोर्ड लावायला सांगितले. पुढच्या पालक सभेला मुख्याध्यापकांना हे तीन प्रश्न विचारा, कँटीनमध्ये काय मिळतं, गेटबाहेर काय मिळतं आणि वाढदिवसाला चॉकलेट वाटणं बंद करता येईल का. एकटीने विचारलं तर टाळतात, दहा जणींनी सह्या करून पत्र दिलं की उत्तर द्यावं लागतं.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं तेही सांगते: मानेवर काळा पट्टा, रात्री घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं, गुडघा किंवा खुबा दुखून लंगडणं, सारखी डोकेदुखी, मुलीची पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली तरी अनियमित, खूप तहान आणि सारखं लघवीला, किंवा वजन वाढतंय पण उंची थांबलीये. जाताना चार दिवस मुलाने काय खाल्लं, किती वाजता झोपलं हे कागदावर लिहून न्या, बिस्किटांसकट.