गोड्या पाण्याचा टँक मरीन करताय? या चुका टाळा

घरात तीन फुटी टँक आहे, एंजल नाहीतर गोल्डफिश वर्षानुवर्षं नीट राहिलेत, आता तो मरीन, म्हणजे समुद्री माशांसाठी खाऱ्या पाण्याचा, करायचाय. असे लोक मला पुण्यात सतत भेटतात आणि पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो: "मीठ किती टाकायचं?" मिठाचं उत्तर सोपं आहे. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मरीन सॉल्ट, आणि २५ अंशांना घनता १.०२५ ते १.०२६. पण मरीन टँक मीठ कमी पडलं म्हणून बुडत नाही. गोड्या पाण्यात चालून गेलेल्या सवयी तशाच पुढे नेल्या म्हणून बुडतो. जुन्या टँकमधली काच तेवढी ठेवा. बाकी प्रत्येक गोष्ट नव्याने तपासायची.

मासे आत असतानाच मीठ वाढवत नेणं

"हळूहळू सवय लावतो" म्हणणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, हे करू नका. मोली सावकाश सवय लावली तर समुद्राच्या पाण्यातही जगते, हे खरं. गोल्डफिश, एंजल, टेट्रा जगत नाहीत, तडफडून मरतात. आधी त्यांना चांगलं घर शोधून द्या, मगच टँक रिकामा करा.

खाली अ‍ॅक्वा सॉइल (पाणवनस्पतींसाठीची माती) असेल तर ती पूर्ण काढा. ती पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, खाली ओढते आणि आपल्याला तो ८.१ ते ८.४ हवा असतो. तिच्या जागी अ‍ॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू घाला. जुन्या फिल्टरमधला स्पंज आणि मीडियाही (जिवाणू बसायचे खडे-नळ्या) तसाच वापरू नका. त्यातले गोड्या पाण्याचे जिवाणू खाऱ्या पाण्यात मरतात आणि तीच घाण अमोनिया होऊन पाण्यात उतरते. काच धुवायला व्हिनेगर आणि भरपूर पाणी पुरतं. साबण टँकच्या जवळही नको.

स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

बाणेरला एका जोडप्याने चार फुटी टँक मरीन केला. दोघंही शिस्तीचे. घाई केली नाही, स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) चांगला घेतला, रोजच्या नोंदी वहीत. क्लाउनफिशची जोडी मजेत खात-पीत होती. पण गोगलगायी टिकेनात. दोन दिवस काचेवर फिरायच्या आणि मग सुटून वाळूत उताण्या पडायच्या. पायाचा मांसल भाग अर्धा बाहेर लोंबलेला, बोट लावलं तरी आत ओढून घ्यायच्या नाहीत. हर्मिट खेकडे शंख सोडून उघडेच फिरायला लागले होते. दुकानदाराने आधी आयोडीन विकलं, मग मिठाची कंपनी बदलायला लावली, मग आणखी गोगलगायी विकल्या.

मी गेलो तेव्हा अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, खारेपणा अगदी बरोबर. पाणी कुठलं, विचारलं. "आरओचं, टीडीएस फक्त ४०." टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण. मी म्हटलं, मशीन दाखवा. ओट्याच्या वर भिंतीला प्युरिफायर, आणि त्याच्या दर्शनी बाजूला चकचकीत तांब्याच्या कलशाचं चित्र. वहिनी म्हणाल्या, "मुद्दाम तांब्याचा घेतला, सासूबाईंचा आग्रह होता." असले प्युरिफायर पाण्यात मुद्दाम थोडं तांबं सोडतात. तांब्याची टेस्ट किट मागवली. नळीत रंग चढला आणि त्या दोघांचे चेहरे उतरले.

यात त्यांचा दोष नव्हता. माणसाला ते पाणी चालतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. आता हे पाहा: माशांच्या पांढऱ्या डागांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात त्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असते. तेवढ्यात मासा तगतो. गोगलगाय, कोळंबी, खेकडा, प्रवाळ मात्र मरतात. त्यात टँकमधलं पाणी रोज उडतं, तांबं उडत नाही. रोज लिटर-दोन लिटर तेच पाणी भरत राहिलात की ते साठत जातं. वाळूत बसतं, दगडात बसतं.

तांब्याचं काडतूस (कार्ट्रिज) नसलेल्या प्युरिफायरमध्येही बहुतेक वेळा चवीसाठी खनिजं घालायची किंवा थोडं कच्चं पाणी मिसळायची सोय असते. मरीनसाठी ते पाणी नकोच. साधं आरओ घ्या, त्याच्या पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांचं) काडतूस लावा आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत समाधान मानू नका. वाघोली, उंड्रीकडे टँकरच्या नाहीतर बोअरच्या पाण्यावर असाल तर मेम्ब्रेन आणि रेझिन लवकर संपणार, हे आधीच धरून चाला. डीआय न लावता वापरलंत तर नायट्रेट आणि सिलिका पाझरते, आणि वाळूवर जो तपकिरी थर सारखा येतो त्याची तक्रार घेऊन तुम्ही परत येता. गीझरचं पाणीही नको, तांब्याच्या कळशीत मीठ कालवणंही नको. बोहरी आळीतून खाण्याच्या वस्तूंसाठीचा नवा प्लॅस्टिकचा ड्रम आणा आणि तो फक्त याच कामाला ठेवा.

बाणेरचा टँक सावरला, पण सावकाश. पाणी बदललं, तांबं शोषणारं रेझिन फिल्टरमध्ये ठेवलं, संपलं की परत नवं. दगडातून तांबं पुन्हा पुन्हा सुटत राहिलं. टेस्ट कित्येक आठवडे सलग कोरी आल्यावर मी एकच गोगलगाय सोडायला लावली आणि ती टिकल्यावरच बाकीच्या.

याच कारणासाठी जुन्या टँकचा इतिहास आठवा. गोड्या पाण्याच्या दिवसांत पांढऱ्या डागांवर कधी तांब्याचं औषध घातलं होतं? ते सिलिकॉनच्या सांध्यात आणि जुन्या खड्यांत उरलेलं असू शकतं. खडे फेकाच. आणि आठवत नसेल, किंवा टँक कुणाकडून जुना घेतला असेल, तर काही महिने फक्त मासे ठेवा आणि टेस्ट करत राहा. प्रवाळाचे पैसे नंतर खर्च करा.

उडालेलं पाणी खाऱ्या पाण्याने भरणं

गोड्या पाण्यात पातळी कमी झाली की बादलीभर पाणी ओततो, विषय संपला. मरीनमध्ये लोक प्रामाणिकपणे विचार करतात की टँक खारा आहे, तर भरायचं पाणीही खारंच हवं. चूक. उडतं ते नुसतं पाणी, मीठ आतच राहतं.

हिशेब करून दाखवतो. २०० लिटरच्या टँकमध्ये ३५ ग्रॅमच्या हिशेबाने ७ किलो मीठ असतं. एप्रिलमधली पुण्याची कोरडी हवा, वरून पंखा लावलेला, रोज ४ लिटर पाणी उडालं असं धरा. ते खाऱ्या पाण्याने भरलंत तर रोज १४० ग्रॅम मीठ जास्तीचं. दहा दिवसांत ८ किलो ४०० ग्रॅम, म्हणजे लिटरला ४२ ग्रॅम. घनता १.०३१ च्या आसपास. मासे धापा टाकायला लागतात, प्रवाळ मिटून बसतं, आणि फोन येतो: "काही बदललं नाही हो, रोज तेच करतोय!" रोज तेच केलं म्हणूनच तर.

आत मोजून भरलेली पातळी काचेवर मार्करने आखा. रोज सकाळी तिथपर्यंत शून्य टीडीएसचं गोडं पाणी. मी चहा ठेवतो तेव्हाच हे काम उरकतो. वेळ ठरलेली असली की विसर पडत नाही. परवडत असेल तर आपोआप भरणारी यंत्रणा लावा. पैसे वाचवायचेत तर दिव्यात वाचवा, हिच्यात नको. आणि खारेपणा रेफ्रॅक्टोमीटरने (थेंबातून प्रकाश कसा वळतो त्यावरून खारेपणा दाखवणाऱ्या उपकरणाने) मोजा, तोही ३५ खारेपणाच्या प्रमाणित द्रवाने जुळवून. प्लॅस्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर काट्याला बुडबुडा चिकटला की खोटं सांगतो.

"जिवाणूंची बाटली ओतली, उद्या मासे आणतो"

घाई करणाऱ्यांबद्दल माझं मन मुळीच मोठं नाही, कारण घाईची किंमत मासे भरतात. नव्या टँकमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीने मदत होते, पण तिच्या भरवशावर टेस्ट करणं सोडू नका.

"गोड्या पाण्यात तर मी दुसऱ्या दिवशी मासे सोडले होते" हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो. तिथे निभावलं त्याचं कारण पीएच. पीएच ७ ला एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच विषारी रूपात असतो. मरीनच्या ८.२ ला तो सहा-सात टक्क्यांवर जातो. म्हणजे किटवर तोच आकडा दिसला तरी विष दहा पटींहून जास्त.

माझी पद्धत साधी. दगड, वाळू, खारं पाणी, पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) चालू, आणि गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून आणलेली एक कच्ची कोळंबी जाळीच्या पिशवीत घालून आत. ती कुजते, अमोनिया चढतो, उतरतो, मग नायट्राइट चढतो, उतरतो. दोन्ही शून्यावर आले आणि तिथेच राहिले की मासा आणायचा, एकच. टँक सायकल करायला, म्हणजे हे जिवाणू तयार करायला, डॅमसेल मासे सोडा, असा सल्ला अजूनही दिला जातो. तो मला अमानुष वाटतो. शिवाय त्यातून वाचलेला डॅमसेल पुढे टँकचा दादा होतो आणि नव्या माशाला जगू देत नाही.

टेस्ट किट खाऱ्या पाण्यासाठीचीच घ्या, किंवा निदान तिच्यातलं खाऱ्या पाण्याचं रंगपत्रक वापरा.

मीठ, समुद्र आणि दगड

खाण्याचं मीठ किंवा मिठागरातलं खडेमीठ चालत नाही. त्यात जवळपास सगळं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि १३०० च्या आसपास मॅग्नेशियम असतं, ते कुठून आणणार? मरीन सॉल्टच घ्या आणि ते पाण्यात घाला. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम पांढऱ्या भुकटीसारखं खाली बसतं. रात्रभर पॉवरहेड फिरू द्या, मग वापरा. टँकमध्ये मासे असताना कोरडं मीठ थेट आत कधीही टाकू नका.

ताम्हिणी घाटाने दिवेआगरला जाऊन कॅन भरून समुद्राचं पाणी आणणारे दरवर्षी असतात. पावसाळ्यात तर नकोच. नद्या-खाड्यांचं पाणी मिसळून किनाऱ्याचा खारेपणा खाली गेलेला असतो आणि गाळ वेगळाच. एकाने तसलं पाणी "समुद्राचंच आहे" म्हणून न मोजता भरलं. मोजल्यावर ते निमखारं निघालं. कोकणातून जांभ्याचे दगडही आणतात लोक. जांभा लोहाने भरलेला असतो, त्याला मरीन टँकमध्ये जागा नाही.

जिवंत प्रवाळाचा दगड मात्र कुणी "रामेश्वरमचा माल आहे" म्हणून दाखवला तर हात लावू नका. कडक प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. कोरडा सच्छिद्र दगड किंवा सिरॅमिक रॉक घ्या. जिवाणू त्यावरही बसतात, फक्त वेळ घेतात.

थोडक्यात बाकीच्या

निळा टँग मासा तीन फुटी टँकमध्ये नको, तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. क्लाउनफिशला अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) लागतंच असं नाही, आणि नव्या टँकमध्ये अ‍ॅनिमोन मरतं व जाताना पाणी नासवतं.

पांढरे डाग दिसले की टँकमध्ये थोडं मीठ, हा गोड्या पाण्यातला उपाय इथे लागू नाही. तो परजीवीच वेगळा आहे आणि खाऱ्या पाण्यातच वाढतो. तांब्याचं औषध द्यायचं तर वेगळ्या टँकमध्ये. नवा मासाही आधी तिथेच काही आठवडे ठेवा.

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा बॅटरीवरचा एअरपंप हाताशी हवा. खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्यापेक्षा साधारण पाचवा हिस्सा कमी मुरतो. मासे वर येऊन धापा टाकेपर्यंत वाट पाहू नका, लाइट गेली की लगेच पंप लावा.

लोखंडी स्टँड आणि पत्र्याचा हूड गंजतो. पाण्याचे शिंतोडे वाळून वायरींवर मीठ चढतं आणि वायरीच्या उतारावरून पाणी थेट बोर्डात जातं. प्रत्येक वायर बोर्डाच्या खालपर्यंत लोंबती सोडून मग वर न्या, म्हणजे थेंब खालीच गळतो. बोर्ड टँकच्या वर किंवा बाजूला लावा, खाली नाही, आणि त्या लाइनला आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) बसवून घ्या. इलेक्ट्रिशियनला बोलवायचं ते टँक भरायच्या आधी.